मावशींच्या खुर्चीचं पाणी

त्या हॉलमधल्या खुर्च्यांना आकडे होते, पण ते कागदापुरते. प्रत्यक्षात प्रत्येक खुर्ची तिच्यात बसणाऱ्या माणसाच्या नावाने ओळखली जायची. कोपऱ्यात मावशींची, तिच्या शेजारी घड्याळकाकांची, त्यांच्या पलीकडे ड्रायव्हरची आणि पुढे थेट दारापर्यंत बाकीच्यांच्या. इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या किडन्यांनी काखा वर केल्या होत्या. एक दिवसाआड यायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या आणि मशीन आपलं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत सोडेपर्यंत बसून राहायचं. असं बसून बसून माणसं एकमेकांची जितकी होतात, तितकी सख्खी भावंडंही होत नसावीत.

या मशिनांना पाणी लागतं, तेही पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. ते हॉलच्या मागच्या खोलीत गाळलं जायचं आणि एका लांब नळीतून सगळ्या खुर्च्यांमागून फिरून परत खोलीत यायचं. ती खोली, ती नळी आणि मशिनं जिच्या ताब्यात होती, तिला सगळे पाणीवाली म्हणायचे. नाव मावशींनीच ठेवलेलं. पाणीवालीला आधी राग आला होता. तंत्रज्ञाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या बाईला कोणी असं म्हटलं तर येणारच. पण मावशींच्या तोंडून एकदा नाव पडलं की ते चिकटायचंच, म्हणून तिने नाद सोडला. पुढे दुसऱ्यांच्या नळ्या जोडता जोडता एक दिवस तिच्या वडिलांची नळी तिच्या हातात आली. घड्याळकाका म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतःच्या पायांना सूज चढतेय हे मात्र बुटात पाय जाईना तेव्हा कळलं.

मावशींनी या मंडळींची टोळी केली होती. हा शब्दही त्यांचाच. टोळीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. शेवटच्याचं मशीन थांबेपर्यंत पहिल्याने घरी जायचं नाही. कोणाला बरं वाटत नसेल तर त्याला सकाळची पाळी द्यायची. ड्रायव्हरला तहान आवरायची नाही. बस चालवणं सुटलं, तरी ढाब्यावरचं पाणी पिण्याची सवय सुटली नव्हती. तो नको तितकं पाणी पिऊन, वजन वाढवून यायचा, आणि सिस्टर रागावल्या की सगळी टोळी एका सुरात काटाच बिघडल्याचं सांगायची. नवा माणूस आला की मावशी स्वतःला मशीन लावू द्यायच्या नाहीत. स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसायच्या, त्याचा मोकळा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडे बघ. सुईकडे बघायचं नाही, ती लाजते." नवा माणूस हसायचा, तेवढ्यात सुई आत गेलेली असायची.

मावशी गेल्या त्या घरी, झोपेत. टोळीने ऐकलं आणि हॉलमध्ये त्या दिवशी मशिनांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. नियमाप्रमाणे कोपऱ्यातली खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला मिळायची होती. पुढची होती एक शिंपीणबाई. पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बसगाड्या बदलून डायलिसिसला जात होती आणि इथे जागा कधी होते याची वाट बघत होती. पाणीवालीने कोपऱ्यातलं मशीन पुसायला घेतलं, तेव्हा वडील म्हणाले, "आज राहू दे गं."

आज राहू दे, एवढंच. त्यात वावगं काय होतं? सिस्टरनीही मान डोलावली. मग 'आज'चा आठवडा झाला. मावशींची विणलेल्या अभ्र्याची उशी खुर्चीत तशीच राहिली आणि येता-जाता प्रत्येक जण तिच्यावर हात टेकवून पुढे जाऊ लागला. डॉक्टरांच्या अंगावर दोन-तीन ठिकाणची कामं, ते वाऱ्यासारखे यायचे आणि जायचे. एकदा मात्र त्यांनी थांबून विचारलं, कोपऱ्यातली जागा रिकामी का? सिस्टर, ज्या आयुष्यात औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नसत, त्या शांतपणे म्हणाल्या की मशीन बंद आहे, पार्ट यायचाय. डॉक्टरांनी पाणीवालीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

त्या दिवसापासून ते सगळ्यांचं गुपित झालं. पाणीवालीने मशिनावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावली आणि त्याच्यामागचा पाण्याचा नळ घट्ट फिरवून टाकला. शिंपीणबाईचा फोन आला की सिस्टर गोड आवाजात सांगायच्या, नाही हो, अजून पार्ट आला नाही. डॉक्टरांची पावलं वाजली की ड्रायव्हर मोठ्यांदा कंपनीच्या नावाने बोटं मोडायचा, काय हे, एका पार्टला इतके दिवस लागतात का. सगळे ओठ दाबून हसायचे. मावशी गेल्यानंतर टोळी पहिल्यांदाच हसत होती आणि पाणीवालीला वाटलं, खोटं तर खोटं, पण माणसं तगतायत ना?

पहिली थंडी वडिलांना वाजली. मशीन लावून तासभर झाला असेल, त्यांचे दात एकमेकांवर आपटू लागले. पाणीवालीने एक ब्लँकेट घातलं, मग दुसरं घातलं, तरी खुर्ची खडखडत होती. ताप चढला आणि संध्याकाळी, घरी गेल्यावर, आल्यासारखा निघून गेला. फ्लू असेल, सगळे म्हणाले. पुढच्या खेपेला ड्रायव्हर कुडकुडला, मग आणखी दोघं. तेव्हा मात्र डॉक्टर वाऱ्यासारखे गेले नाहीत. पाण्यात काहीतरी आहे, लाइन धुऊन घ्या, असं त्यांनी पाणीवालीला सांगितलं.

तिने धुतली, आणि मन लावून धुतली. नळीत औषध सोडायचं, एकेका खुर्चीमागचा नळ उघडून औषधाचा वास तिथपर्यंत आला की बंद करायचा, ते नळीत मुरू द्यायचं आणि शेवटी भरपूर पाण्याने सगळं वाहून टाकायचं. दारापासून सुरुवात करून ती वडिलांच्या खुर्चीपर्यंत आली, तिथला नळ उघडून बंद केला आणि परत फिरली. कोपऱ्यातलं मशीन बंदच होतं. बंद मशिनाचा नळ कशाला उघडायचा? इतकं सरळ होतं ते, की तिला तो प्रश्नसुद्धा पडला नाही.

पाण्याची तपासणी स्वच्छ आली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरने सगळ्यांना बिस्किटं वाटली आणि चार दिवस बरे गेले. मग परत थंडी. परत धुणं, परत स्वच्छ तपासणी, परत थंडी. पाणीवाली हबकली. आपण काम नीट करतोय, तरी पाणी आपल्याला खोटं पाडतंय, या विचाराने तिची झोप उडाली. आरशात बघताना तिला स्वतःचा चेहराही अपराध्यासारखा दिसू लागला. आणि मग ड्रायव्हरला ताप आला तो उतरलाच नाही. त्याच्या हाताची शीर सुया टोचण्याजोगी अजून तयार झाली नव्हती म्हणून त्याला मानेत बसवलेल्या नळीतून डायलिसिस मिळायचं. जंतू रक्तात गेले होते. त्याला स्ट्रेचरवर घालून वर अतिदक्षता विभागात नेताना तो ग्लानीतही सिस्टरना सांगत होता की आज पाणी कमी प्यायलो, खरंच.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून एक बाई आल्या. ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि जंतूंबद्दल असं बोलायच्या की जणू सासरची माणसं. त्यांची खोडही माहीत आणि त्यांच्यावाचून करमतही नाही. तासाभरात टोळीने त्यांचं नाव जंतूबाई ठेवलं. त्यांनी मागची खोली पाहिली, पाणीवालीच्या धुण्याची पद्धत विचारून घेतली, आणि मग हॉलच्या मधोमध उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगू लागल्या.

त्यांचं म्हणणं असं, की आपण पाणी तपासतो, पण जंतू पाण्यात नसतातच. पाण्यात भटकणारा एकटा जंतू बिचारा असतो, त्याला कोणीही मारावं. म्हणून तो एखादी भिंत शोधतो आणि तिला चिकटतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो. सगळे मिळून स्वतःच्या अंगातून चिकट रस सोडतात आणि त्याचं एक घर बांधतात, आपल्या हाताला लागते ती बुळबुळ म्हणजे तेच. त्या घरात राहून ते एकमेकांना खुणा करतात, मिळालेलं अन्न वाटून घेतात. औषध आलं तर बाहेरचे मरतात आणि आतले वाचतात. काही तर आत गाढ झोपून जातात. जो काही खातपीत नाही, त्याला विष तरी कसं लागणार? औषध गेलं की ते उठतात आणि मेलेल्यांच्या जागा भरून काढतात. मधूनच त्या थराचा एखादा तुकडा सुटून पाण्याबरोबर पुढे जातो, तेव्हा थंडी वाजते. एरवी तपासणी स्वच्छ.

"एकेकट्याला मारणं सोपं असतं हो," जंतूबाई म्हणाल्या. "पण त्यांची टोळी झाली की कठीण."

टोळी हा शब्द ऐकून दोघं-तिघं हसले. पाणीवालीला हसू आलं नाही. जंतूबाईंनी तिच्याकडे वळून साधं विचारलं, "या नळीत पाणी कुठे थांबून राहतं का? वाहत्या पाण्यात थर जमायला वेळ लागतो. थांबलेल्या पाण्यात त्यांना आयतं घर मिळतं."

लांब नळीपासून प्रत्येक खुर्चीच्या नळापर्यंत एक हातभर फाटा होता. कोपऱ्यातला नळ तिने घट्ट फिरवून टाकला होता. त्याच्यामागच्या फाट्यात मावशी गेल्यापासूनचं पाणी तसंच उभं होतं. तिथे औषध कधी पोचलंच नव्हतं, कारण ती दर वेळी वडिलांच्या खुर्चीपाशी थांबून परत फिरली होती. आणि पहिली थंडी त्याच वडिलांना वाजली होती.

तिने मान वर केली. हॉलमधला प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता. जंतूबाईंच्या मागे सिस्टर ट्रेमधल्या पट्ट्या सारख्या करत होत्या, आधीच सारख्या असलेल्या. कोपऱ्यातल्या पाटीकडे कोणीच बघत नव्हतं, आणि ते न बघणंच इतकं ठळक होतं की जंतूबाईंना कळलं नाही याचं तिला नवल वाटलं. वडिलांनी डोळे मिटले आणि मान इतकीशी हलवली. नाही.

"नाही," पाणीवाली म्हणाली. "कुठे थांबत नाही."

घरी दोघंच असायची, बाप आणि लेक. त्या संध्याकाळी वडिलांनी चहा पुढ्यात घेतला आणि घोटभरच पिऊन ठेवून दिला. तेच बोलले आधी. म्हणाले, डॉक्टर तुला काढून टाकतील. सिस्टरांची निवृत्ती तोंडावर आलीये, त्यांचं पेन्शन अडकेल. आणि सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट एकटीने जाऊन सांगणं याला काय म्हणतात, ते तुला मी सांगायला नको. ती म्हणाली, आणि ड्रायव्हर? त्यावर ते मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. घड्याळ उघडून बसले की ते असेच वाकून बसायचे, पण आज हातात घड्याळ नव्हतं.

"मावशींच्या खुर्चीतून सगळ्यांना रोग आला, असं लोक म्हणतील," ते शेवटी म्हणाले. "त्यांचं नाव त्यात नको. नळ तू धू, गुपचूप. धुतलास की झालं ना? सांगायची गरजच काय?"

खरं सांगायचं तर तिला हेच ऐकायचं होतं. माणूस आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की लगेच शहाणं समजतो. ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचली, मशीन पुढे ओढलं आणि कोपऱ्यातला नळ उघडला. आधी काहीच आलं नाही. मग एक गुळणी टाकल्यासारखं पाणी आलं, गढूळ, ओल्या फडक्याचा वास असलेलं. तिने नळाच्या तोंडात बोट घातलं. आत बुळबुळ होती. बोट बाहेर काढलं तरी ती बोटाबरोबर तारेसारखी लांबत आली. तिने नेहमीपेक्षा कडक औषध घेतलं, ते फाट्यात भरून ठेवलं, आणि सगळी लाइन पुन्हा पुन्हा धुतली. हातमोज्यातून बोटं भाजल्यासारखी होईपर्यंत धुतली. पाणी काचेसारखं आलं. मग तिने नळ बंद केला, मशीन जागेवर ढकललं आणि उशी नीट केली. टोळी आली तेव्हा सिस्टरनी तिच्या लाल डोळ्यांकडे पाहून हळूच तिच्या पाठीवरून हात फिरवला. कोणी काही विचारलं नाही आणि सगळ्यांना सगळं कळलं.

जंतूबाईंनी सांगितलेलं तिने ऐकलं होतं, पण ऐकायचं तेवढंच ऐकलं होतं. बाहेरचे मरतात, आतले वाचतात.

वरून ड्रायव्हरच्या बातम्या येत राहिल्या आणि प्रत्येक बातमी आधीच्यापेक्षा वाईट होती. एक औषध लागू पडेना म्हणून दुसरं, मग तिसरं. डॉक्टर जाता-येता म्हणायचे की हा जंतू आला कुठून ते कळलं असतं, त्याचं घर सापडलं असतं, तर कोणत्या औषधाला तो दाद देतो ते लवकर समजलं असतं. हे ते कोणाला उद्देशून म्हणत नव्हते. पाणीवालीला मात्र वाटायचं की आपल्यालाच म्हणतायत. ती मागच्या खोलीत जाऊन उगाच फिल्टर तपासत बसायची.

मग वडिलांना परत थंडी वाजली. या वेळी ती शेजारीच उभी होती. त्यांचा हात तिच्या हातात होता आणि तो हात, ज्याने केसाएवढी चाकं जागच्या जागी बसवली, तो तिच्या मुठीत मासळीसारखा तडफडत होता. "काही नाही, काही नाही," ते दातांमधून म्हणत होते, "जाईल आत्ता." त्यांची नजर कोपऱ्यावर होती. त्या क्षणी तिला बापाची दया आली आणि रागही आला, आणि राग जास्त होता. आपण याला मारतोय आणि हा आपल्याला वाचवतोय, आणि दोघं मिळून याला माया म्हणतोय.

तिने मशीन थांबवलं, सुया काढल्या, त्यांना ब्लँकेटात गुंडाळलं. डॉक्टर ताप बघायला धावत आले. तिने त्यांना बाजूला घेतलं नाही. तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं.

"कोपऱ्यातलं मशीन बिघडलेलं नाही. कधीच नव्हतं. मावशींची जागा म्हणून रिकामं ठेवलं. त्याच्यामागे पाणी थांबलंय, थर तिथे आहे."

डॉक्टरांना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सिस्टरकडे वळून विचारलं, तुम्हाला माहीत होतं? सिस्टर ट्रेकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी ओळीने एकेका खुर्चीकडे पाहिलं, तुम्हाला? तुम्हाला? कोणी छताकडे बघत होतं, कोणी मशिनाच्या आकड्यांकडे. वडील ब्लँकेटात तोंड खुपसून भिंतीकडे वळले. इतकी वर्षं जिने त्यांना सुया टोचल्या, जिच्या लग्नाच्या काळज्या त्यांनी मिळून केल्या, ती त्या हॉलच्या मधोमध एकटी उभी होती, आणि तिला सगळ्यात वाईट याचं वाटलं की तिला त्यांचा राग येईना. भिऊन एकमेकांना चिकटलेली माणसं होती ती. तीही कालपर्यंत त्यांच्यातलीच होती.

हॉल बंद झाला, सगळ्यांची सोय दुसरीकडे लावली गेली. प्लंबरने कोपऱ्यातला फाटा मुळापासून कापला आणि वर्तमानपत्रावर उभा चिरला. आतून तो करड्या, ओल्या सायीने मढलेला होता. तिने ओतलेल्या कडक औषधाने वरचा पापुद्रा तेवढा पांढरा केला होता. जंतूबाईंनी काडीने खरवडून घेतलं. खाली खालपर्यंत सगळं जिवंत असणार, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात या वेळी कौतुक नव्हतं. तपासणीत तोच जंतू निघाला, जो ड्रायव्हरच्या रक्तात आणि त्याच्या मानेतल्या नळीत होता. त्यावर चालणारं औषध कोणतं तेही कळलं. ते सुरू केलं. ताप उतरला, त्याने एकदा डोळे उघडून पाणी मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आठवडाभर आधी कळलं असतं तर वाचला असता का, हे डॉक्टरांना विचारायची तिची हिंमत झाली नाही. डॉक्टरांनीही आपणहून सांगितलं नाही. चौकशी होईल, म्हणाले, तोपर्यंत काम कर, पाण्याचं दुसऱ्या कोणाला येत नाही.

हॉल परत उघडला तेव्हा कोपरा रिकामा होता. फाटा गेला तशी खुर्चीही गेली. उशी कोणी नेली ते तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. टोळी आली. तिने एकेकाला मशीन लावलं आणि एकेकाने हात पुढे करून तोंड फिरवलं. पूर्वी तिच्याशी कामाचं सोडून सगळं बोलायचे, आता फक्त कामाचं बोलत होते. दुखतंय, सैल कर, पट्टी लाव. सिस्टर तर तेवढंही नाही. घरी वडील जेवायला चल म्हटलं की यायचे, औषध घ्या म्हटलं की घ्यायचे. 'ड्रायव्हर' हा शब्द दोघांपैकी कोणी उच्चारला नव्हता. आज त्यांना सुया टोचताना तिने नेहमीप्रमाणे विचारलं, ठीक आहे ना? ते म्हणाले, हं.

त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. डॉक्टरांचा आता सक्त हुकूम होता की कुठलीही जागा एक दिवसही रिकामी राहता कामा नये. दार उघडलं आणि शिंपीणबाई आत आल्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, हातात कापडी पिशवी छातीशी धरलेली. इतके दिवस फोनवरून टोलवलेली बाई अशी दिसते तर. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि कसंनुसं हसून म्हणाल्या की पार्ट आला वाटतं एकदाचा. सिस्टर हॉलबाहेर निघून गेल्या.

पाणीवालीने त्यांना ड्रायव्हरच्या खुर्चीत बसवलं. हॉलमध्ये कोणी तरी श्वास आत ओढला. आता कोणी तरी म्हणेल, असं तिला वाटलं, आज राहू दे. म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं ते तिला माहीत नव्हतं. कोणी म्हणालं नाही. शिंपीणबाईंनी हात पुढे केला आणि सुई पाहताच मागे घेतला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सारा जन्म सुयांत गेला बघा, त्या पुटपुटल्या, पण त्या कापडाला टोचायच्या होत्या. तिकडच्या नर्सबाई खूप जोरात टोचायच्या. त्यांनी हात पोटाशी धरला तो पुढे येईना.

पाणीवाली सुई धरून थांबली. इथे एक स्टूल असायचं. इथे कोणी तरी बसायचं. तिने एकदा ओळीवरून नजर फिरवली, दारापर्यंत, आणि एकही नजर तिला परत मिळाली नाही. जे म्हणायचं ते तिला पाठ होतं, पण तिच्या तोंडून ते निघेना. ते म्हणायचा हक्क आपण गमावला असं तिला मनापासून वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

शेजारच्या खुर्चीतून ब्लँकेट सरकल्याचा आवाज झाला. वडिलांचा एक हात नळ्यांनी मशिनाला बांधलेला होता. दुसरा त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरून बाहेर काढला, पुरेना म्हणून कूस वळवून आणखी लांबवला, आणि शिंपीणबाईंची बोटं धरली. त्या दचकल्या. विनोद त्यांना कधीच जमत नसे, मावशी त्यावरून त्यांची टर उडवायच्या. त्यांचा आवाज फाटका येत होता आणि ते बोलत शिंपीणबाईंशी होते, पण बघत होते लेकीकडे, कितीतरी दिवसांनी.

"सुईकडे बघू नका, बाई," ते म्हणाले. "ती लाजते."